हूती, विम्याचा हप्ता आणि ‘बदललं काय?’

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तांबड्या समुद्रावरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘बातम्या वाचून चढलेला ताप’ म्हटलंत. येमेनमधले हूती बंडखोर हे इराणचं बाहुलं, जगात पूर्वीही बळी तो कान पिळी होतं, आजही तेच. मग बदललं काय, हा तुमचा सवाल.

आधी चूक कबूल. लेखात ‘राष्ट्रांचे दिवस संपले’ हे वाक्य लिहायला नको होतं. हूतींची क्षेपणास्त्रं काही येमेनच्या राजधानीतल्या, सानाच्या लोहारांनी घडवलेली नाहीत. इराणचा हात त्यात आहेच.

पण यातला बळी, म्हणजे बलवान, कोण ते बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये हूतींनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज ताब्यात घेतलं आणि मग हल्ल्यांचा सपाटा लावला. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाला असलेल्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीच्या तोंडाशी कुणाचंही आरमार आडवं उभं नव्हतं. वाट अडली ती विम्याने. जहाजाच्या किमतीच्या ०.१ टक्क्याच्या आत असलेला युद्धजोखमीचा हप्ता काही आठवड्यांत एक टक्क्याच्या घरात गेला. म्हणजे दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे दहा लाख! मर्स्कसारख्या जहाज कंपन्यांनी मग सरळ आफ्रिकेला वळसा घातला, दहा-बारा दिवस जास्त गेले तरी. तिकडे स्वस्तातली ड्रोन पाडायला अमेरिकी युद्धनौका वीस-वीस लाख डॉलरची क्षेपणास्त्रं सोडत होत्या. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आणि सुएझचं उत्पन्न वर्षभरात सुमारे दहा अब्ज डॉलरवरून चार अब्जांवर घसरलं ते इजिप्तचं, ज्याचं हूतींशी भांडणच नव्हतं.

खरा बदल मात्र वेगळाच आहे, आणि तो लेखात मला नीट मांडता आला नाही. २००८ मध्ये सोमाली चाच्यांनी उच्छाद मांडला तेव्हा सुरक्षा परिषदेने एकमताने ठराव केला. एडनच्या आखातात अमेरिका, रशिया, चीन, भारत सगळ्यांच्या युद्धनौका एकाच कामाला लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये हूतींविरुद्ध ठराव आला तेव्हा रशिया आणि चीन तटस्थ राहिले. चीनचा माल याच वाटेने युरोपला जातो, तरीही! भारतही अमेरिकी मोहिमेत गेला नाही, आपल्या नौका स्वतंत्रपणे पाठवल्या. त्याच मार्चमध्ये आपल्या मरीन कमांडोंनी अपहृत ‘रुएन’ जहाजावरून ३५ सोमाली चाचे धरून आणले आणि मुंबई पोलिसांच्या हवाली केले. काम चोख झालं, पण ज्याचं त्याने बघायचं हा नवा रिवाज मला तरी धोक्याचा वाटतो.

राहिला तुमचा बाहुल्याचा मुद्दा. २३ डिसेंबर २०२३ ला ‘केम प्लूटो’ या टँकरवर ड्रोन आदळलं ते तांबड्या समुद्रात नव्हे, पोरबंदरपासून साधारण २०० सागरी मैलांवर. जहाजावर बहुतेक खलाशी भारतीय. अमेरिका म्हणाली, ड्रोन इराणमधून सुटलं. इराणने कानावर हात ठेवले. दोन दिवसांनी जहाज मुंबईला लागलं, नौदलाने तपासणी केली. कान पिळला गेला हे तर दिसतंय. आता उलट पिळायचा तो कुणाचा, हे तुमच्या सूत्रातून कसं काढायचं?