ह्यूस्टनचा भेक आणि अंगणातले गट्टू

नागपूरच्या आमच्या घरी सध्या एकच वाद आहे: अंगणात गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवायचे की नाही. समोरचा रस्ता सिमेंटचा होऊन हातभर उंच झाला, तेव्हापासून पावसाचं पाणी थेट फाटकातून आत येतं. मी ह्यूस्टनहून फोनवर म्हटलं, मातीतल्या बेडकांनी कुठं जायचं? दादा हसला. "काऊन बे, तुमच्या अमेरिकेत बेडकांसाठीबी कायदे आहेत म्हणते!"

आहेत की. पण त्यांचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. 'ह्यूस्टन टोड' या भेकाला, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाला, वेगळी जात म्हणून नाव मिळालं १९५३ साली. त्या दशकातला दुष्काळ आणि पसरत चाललेलं शहर यांच्यात सापडून साठच्या दशकात तो ह्यूस्टनमधून नाहीसाच झाला. सरकारदरबारी संकटग्रस्त ठरला १९७० मध्ये. बैल गेला नि झोपा केला.

त्याचं दुखणं साधं आहे. दोन-तीन इंचांचा जीव, त्यात खणण्यात कच्चा. ऊन तापलं किंवा थंडी पडली की जमिनीत शिरावं लागतं, म्हणून त्याला खोल, भुसभुशीत वाळूच लागते. अंड्यांसाठी डबकं पुरतं, फक्त पिल्लांना पाय फुटेपर्यंत ते आटायला नको. मादी हजारो अंड्यांची माळ सोडते, त्यातले जगतात मूठभर. कित्येक पिल्लं लाल मुंग्याच फस्त करतात. उरलेले भेक मुख्यतः टेक्सासमधल्याच बॅस्ट्रॉपकडच्या पाइनच्या रानात आहेत. तेही रान २०११च्या वणव्यात होरपळलं. आता ह्यूस्टनचं प्राणिसंग्रहालय त्यांची पैदास करून अंड्यांच्या माळा तिकडच्या तळ्यांत सोडतं. ज्या शहराचं नाव लावतो, तिथं त्याला मोकळी जमीन नाही.

आपल्याकडचा चामखिळ्या भेक अजून भरपूर आहे, म्हणूनच त्याच्यावर कोणी बोलत नाही. पेंचच्या व्याघ्रप्रकल्पात महामार्ग उचलून वाघांना खालून वाट दिली, चांगलंच केलं. पण २०२३च्या सप्टेंबरात नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा पाणी मुरायला जागा कुठं उरली, असं आमच्या घरातही सगळे म्हणत होते. आता तेच गट्टूंचे भाव विचारतात. (लहानपणी मुसळाला बेडूक बांधून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत आम्हीच दारोदार फिरायचो. बिचाऱ्याचे हाल तेव्हाही होतेच.)

दादाचंही खोटं नाही. चिखलात आई घसरते, तेव्हा धरायला मी नसतो. शेवटी ठरलं: फाटकापासून पायऱ्यांपर्यंत गट्टू, पेरूखालची माती तशीच. ठेकेदार म्हणाला, तेवढं सोडलं तरी पैसे कमी होणार नाहीत.