एक गंमत सांगू?

इंटरनेटवर काहीतरी भन्नाट सापडणं हा प्रश्नच नाही. ते रोज सापडतं. प्रश्न असतो तो सापडल्यानंतरचा: हे आता सांगायचं कुणाला? असल्या गोष्टी पोटात राहत नाहीत आणि सापडतात नेमक्या सगळं घर झोपल्यावर. दिवसाउजेडी, चार माणसं हाताशी असताना ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे मला कधीच कळलेलं नाही. त्याची वेळ रात्री पावणेदोनची. मग शेजारी आडव्या झालेल्या नवऱ्याला मी हळूच विचारते, "झोपलास का रे?" उत्तर आलं तर तो जागा आहे. नाही आलं तर जरा मोठ्यानं विचारायचं.

"काय झालं?"

"ऑक्टोपसला तीन हृदयं असतात."

"बरं."

"दोन कल्ल्यांसाठी, एक बाकीच्या अंगासाठी. आणि पोहायला लागला की ते तिसरं थांबतं. म्हणून तो पोहण्यापेक्षा सरपटत जाणं पसंत करतो."

"शहाणा आहे," असं म्हणून तो कूस बदलतो. रक्त निळं असतं आणि त्यात लोहाऐवजी तांबं असतं, हे सांगायचं राहूनच जातं. ते दुसऱ्या रात्री.

तरी ऑक्टोपस सोपा. तो कुठेही खपतो. वॉम्बॅटचं तसं नाही. वॉम्बॅट हा ऑस्ट्रेलियातला एक गुबगुबीत, बुटका, पोटाला पिशवी असलेला प्राणी, आणि त्याची विष्ठा घनाकृती असते. कडा आणि कोपरे असलेले चांगले ठोकळे. त्याचं बाहेर पडायचं द्वार काही चौकोनी नसतं. (ही शंका सगळ्यांना येते, विचारत कुणी नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.) सगळी करामत आतड्याच्या शेवटच्या भागाची. तिथली भिंत सगळीकडून सारखी ताणत नाही. काही पट्टे ताठ, काही सैल. आतला ऐवज भलताच कोरडा. आतडं आकुंचन पावत राहतं, कुठे जास्त दाब, कुठे कमी, आणि होता होता कोपरे तयार होतात. हे ज्यांनी शोधलं त्या पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि मंडळींना 2019 साली भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. माझी बहुतेक अडचण या दोन पायऱ्यांच्या मधोमध आहे. लोक हसतात आणि उठून जातात.

पण हसण्याआधी सांगता तर आलं पाहिजे! आणि माणसांचं कुठलंही सभ्य संभाषण आपणहून वॉम्बॅटच्या आतड्यापाशी येत नाही. नोकऱ्या, लग्नं, गुडघे, मुलांचे मार्क यांवरून ते फिरत राहतं, आणि मी दबा धरून बसलेली असते. एकदा ओळखीतल्या एका जोडप्याच्या नव्या घराचा विषय चालला होता. टाइल्स निघाल्या. कुणीतरी "चौकोनी" असं म्हणालं. वर्षातून एकदा असं दार उघडतं. मी म्हटलं, "चौकोनीवरून आठवलं..." आणि सुरू झाले. आतड्यापर्यंत आले तेव्हा यजमानीणबाई आपल्या नव्याकोऱ्या फरशीकडे अशा काही बघत होत्या, की पुढचा इग नोबेलचा भाग मी आवरता घेतला. त्यांनी शेवटी म्हणे लाकडी फ्लोअरिंग केलं.

याच मंडळींचं आणखी एक संशोधन आहे. तीन किलोपेक्षा जास्त वजनाचा कुठलाही सस्तन प्राणी घ्या, कुत्रा असो की हत्ती, मूत्राशय रिकामं करायला त्याला साधारण 21 सेकंदच लागतात. हत्तीचं मूत्राशय केवढं तरी मोठं, पण त्याची नळीही तशीच लांब आणि रुंद. वरून येणाऱ्या वजनानं धार जोरात पडते आणि हिशेब जुळतो. यालाही 2015 साली इग नोबेल होतंच. हे मी जेवणानंतर सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात बाथरूमला जाणारा प्रत्येक माणूस दाराची कडी लावण्याआधी माझ्याकडे एकदा संशयानं बघून घेतो. भावोजी तर आत गेल्याबरोबर नळ पूर्ण सोडतात.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते लेकीचं. तिला काहीही सांगा, "आई, हे मी कधीच पाहिलंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यात सांगायचं काय?"

हे मला खरोखर कळत नाही. या मुलीला शार्क माशांचा वंश झाडांपेक्षा जुना आहे हे ठाऊक होतं. अंगठ्यानं ते वर सरकवून ती पुढच्या व्हिडिओवर गेली, आणि वर शांत झोपली!

सुट्टीत सगळे जमले की पत्ते निघतात. तिथे माझ्याकडे हुकमी माहिती आहे. पिसणाऱ्याचा हात चालू असतानाच ती टाकायची. 52 पानं किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात? तो आकडा 68 अंकी आहे. विश्व जन्मल्यापासून आजवर जितके सेकंद झाले तो आकडा जेमतेम 18 अंकी. म्हणजे नीट पिसलेल्या कॅटमधला पानांचा क्रम जगाच्या पाठीवर याआधी कधी कुणाच्या हातात आलाच नसणार, यावर बिनधास्त पैज लावावी. मी हे सांगितलं आणि थांबले. मला वाटलं, आता शांतता पसरेल. निदान कुणीतरी पिसणाऱ्याच्या हाताकडे आदरानं बघेल. मामेभावानं आपली पानं उचलली, पंख्यासारखी उघडली आणि म्हणाला, "म्हणजे विश्वाच्या इतिहासात पहिल्यांदाच इतकी भिकार पानं आली, आणि ती माझ्याच वाट्याला?" सगळे खो खो हसले. भाव त्यानं खाल्ला. पिसणाराही मीच होते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही हे बरं.

हे असं का होतं याचाही एक प्रयोग झालेला आहे. तो सापडला त्या रात्री मी कुणालाही उठवलं नाही, यावरून तो किती लागला असेल ते समजा. 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितलं. समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं, किती ओळखली जातील? ते म्हणाले, निम्मी तरी. वाजवली 120 गाणी. ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, सूर, शब्द, वाद्यमेळ, सगळं. समोरच्याला ऐकू येते ती नुसती टकटक. मला एकदम दिसलं, की माझ्या डोक्यात रात्रीचा शोध, एकातून दुसरं उघडत गेलेली पानं, "असं कसं?" म्हणून लागलेली ठेच, हे सगळं वाजत असतं आणि मी टाइल्स बघणाऱ्या बाईंसमोर टेबलावर बोटं आपटत असते. त्यांना प्रश्न पडलेलाच नव्हता. मी उत्तर घेऊन पोचले होते.

भावोजींना मात्र प्रश्न पडतो. एकच पडतो: "याचा उपयोग काय?" शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो असं सांगा. स्वतःभोवती एक फेरी मारायला शुक्राला पृथ्वीचे 243 दिवस लागतात आणि सूर्याभोवतीची फेरी 225 दिवसांतच पुरी होते. "बरं, मग याचा उपयोग काय?" मला तरी कुठे शुक्रावर भाडेकरार करायचाय? पण हेच भावोजी ऑगस्ट उजाडला की घरच्या ग्रुपवर न चुकता टाकतात: "27 ऑगस्टच्या रात्री आकाशात दोन चंद्र!! मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार!! पुन्हा हा योग नाही!!" खाली सगळ्या खानदानाचे बदाम.

या निरोपाची जन्मकथा मोठी गोड आहे. 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ खरंच पृथ्वीच्या जवळ आला होता. जवळ म्हणजे सुमारे 5 कोटी 58 लाख किलोमीटर. पण जवळजवळ 60 हजार वर्षांत तो इतका जवळ आलेला नव्हता. तेव्हा फिरलेल्या ईमेलमध्ये म्हटलं होतं, की 75 पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून बघितलंत तर मंगळ, नुसत्या डोळ्यांनी चंद्र दिसतो तेवढा दिसेल. फिरता फिरता त्यातली दुर्बीण गळाली. मग साल गळालं. उरला चंद्र आणि 27 तारीख, आणि तेवढ्यावर तो मंगळ वर्षानुवर्षं उगवतोय.

मी हे सगळं व्यवस्थित टाइप करून ग्रुपवर टाकलं, भावोजींचा अपमान होणार नाही अशा बेतानं, दोन हसरे चेहरे लावून. त्यावर पहिली प्रतिक्रिया मावशीची: "किती वाजता दिसणार?"

2018 साली 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांनी याचाच हिशेब मांडलाय. ट्विटरवर 2006 ते 2017 या काळात फिरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त. 1500 लोकांपर्यंत पोचायला खरीला लागणारा वेळ खोटीच्या सुमारे सहापट. आणि हा उद्योग यंत्रांचा नव्हे, हाडामांसाच्या माणसांचा. मी हाही अभ्यास ग्रुपवर टाकला. भावोजींनी नमस्काराचे दोन हात पाठवले. आमच्याकडे त्याचा अर्थ "पुरे आता" असा होतो.

राहता राहिली आत्या. आत्याशी माझा जुना वाद, बोटं मोडण्यावरून. "मोडू नकोस गं, म्हातारपणी सांधे धरतील." डॉनल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांना त्यांच्या आईनं अगदी हेच सांगितलं होतं. त्यांनी आईचं ऐकलं अर्ध्याच हातानं. साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची मोडायचीच नाहीत. शेवटी दोन्ही हात तपासले. संधिवात ना इकडे, ना तिकडे. 2009 चं वैद्यकशास्त्रातलं इग नोबेल त्यांना गेलं. मी आत्याला हे रंगवून सांगितलं आणि विजयी मुद्रेनं पाहिलं. आत्या क्षणभर गप्प. मग म्हणाली, "साठ वर्षं एकाच हाताची? त्या माणसाला बायको नव्हती का काही बोलायला?"

तरीही डांबराची गोष्ट मी आत्यालाच सांगितली. भावोजींना सांगून पाहिली होती. ग्रुपवर लिंकच टाकली होती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात 1927 साली थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी डांबर वितळवून एका काचेच्या नरसाळ्यात ओतलं. असं डांबर हातोडी मारली तर काचेसारखं फुटतं, पण प्रत्यक्षात तो द्रव आहे, हे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. तीन वर्षं डांबर बसू दिलं आणि 1930 मध्ये नरसाळ्याचं खालचं टोक कापलं. पहिला थेंब पडला 1938 च्या डिसेंबरात. तेव्हापासून आजवर पडले नऊ. पुढे जॉन मेनस्टोन हे प्राध्यापक या नरसाळ्याचे राखणदार झाले. 1979 मध्ये थेंब पडला तो सुट्टीच्या दिवशी, ते कामावर नसताना. 1988 मध्ये ते पहाऱ्याला होते, पण काहीतरी प्यायला म्हणून पाचेक मिनिटं उठले आणि तेवढ्यात पडला. 2000 मध्ये कॅमेरा लावला, तर ऐन वेळी कॅमेऱ्यानं दगा दिला. 2013 च्या ऑगस्टमध्ये मेनस्टोन वारले. पुढचा थेंब 2014 च्या एप्रिलात. आता दहाव्याची वाट चालू आहे, आणि ते नरसाळं जगात कुणालाही इंटरनेटवर थेट बघता येतं.

मी लिंक टाकली. दहा मिनिटांनी भावोजींचा निरोप आला: "माझ्याकडे व्हिडिओ अडकलाय."

आत्याला मात्र मी समोर बसवून फोन तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला. नरसाळं होतं, काळा थेंब होता, हलत काहीच नव्हतं. मी मेनस्टोनची सगळी कथा सांगितली. पाच मिनिटं उठले तिथे आल्यावर तिनं "अगं बाई!" म्हणून कपाळाला हात लावला. तिला कपाळाला हात लावताना मी आजवर फक्त जवळच्या माणसांसाठी पाहिलं होतं. थोड्या वेळानं मी फोन परत मागितला, तर म्हणाली, "थांब जरा, मी उठले आणि पडला तर?"

झालं. आता रोज सकाळी आत्याचा फोन येतो. माझी तब्येत, लेकीची परीक्षा सगळं नंतर. आधी, "पडला का गं?" नाही पडला म्हटलं की जरा हिरमुसते. सणावाराला फोन आला तरी तेच. परवा मी म्हटलं, "आत्या, हल्ली एकेक थेंब पडायला बारा-तेरा वर्षं लागतात गं." तिनं नीट ऐकून घेतलं. मग आवाज खाली करून म्हणाली, "तुझं इंग्रजी चांगलं आहे. त्या लोकांना एक कळवून टाक बरं, वरून जरा शेक द्या म्हणावं."