पिंचन गुहेत राहत नाहीत

वाचकांच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. सारांश असा : सॅलिंजर, पिंचन, मॅकार्थी आणि डिलिलो हे अमेरिकेचे चार एकांतवासी कादंबरीकार, त्यांनी जगाकडे पाठ फिरवली, म्हणून त्यांची भाषा दुर्बोध झाली, एक वाचला की चौघे कळले. खाली लगेच कुणीतरी ‘आपले जी. ए.’ असं लिहून मान डोलावतो. (धारवाडच्या या एकांतवासी माणसाने लिहिलेल्या पत्रांचे खंड निघाले आहेत, ते मात्र कुणाला आठवत नाहीत.)

आधी ती पाठ फिरवण्याची गोष्ट. डिलिलोंना या यादीत कुणी घातलं? ते मुलाखती देतात. त्यांच्या ‘माओ टू’ (१९९१) या कादंबरीत बिल ग्रे नावाचा लपून राहणारा लेखक आहे. पात्राचं लपणं लेखकाच्या खात्यावर जमा झालं असावं. मॅकार्थी पत्रकारांना टाळत हे खरं, पण सान्ता फे इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांत त्यांची वर्षानुवर्षं उठबस होती, आणि २००७ मध्ये ते टीव्हीवर ऑप्रा विन्फ्रींसमोर मुलाखतीलाही बसले. राहिले पिंचन. १९९७ मध्ये सीएनएनने त्यांना गाठलं ते मॅनहॅटनच्या गर्दीत. तेव्हा त्यांनी सांगितलं, की ‘एकांतवासी’ हा पत्रकारांचा सांकेतिक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ ‘वार्ताहरांशी बोलायला न आवडणारा’. २००४ मध्ये तर ‘द सिम्पसन्स’मधल्या स्वतःच्या कार्टूनला त्यांनी आवाज दिला. डोक्यावर कागदी पिशवी होती, एवढंच!

आता ‘एक वाचला की चौघे कळले’. मॅकार्थींच्या संवादांना अवतरणचिन्हं नसतात, स्वल्पविरामही बेताचे. ‘आणि’ला ‘आणि’ जोडत वाक्य बायबलच्या चालीवर पुढे जातं. पिंचन रॉकेटच्या गणिताशेजारी चावट गाणं ठेवतात, वर एखादी पाचकळ कोटी. डिलिलोंचं वाक्य थंड आणि तासलेलं. आणि सॅलिंजर दुर्बोध? ‘द कॅचर इन द राय’मध्ये शाळेतून काढून टाकलेला पोरगा बडबडतोय, सोळाव्या वर्षीही ते सहज कळतं.

शैली एकांतातून आली म्हणणाऱ्यांनी जरा सनावळी बघावी. ‘कॅचर’ आली १९५१ मध्ये. सॅलिंजर न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निशला राहायला गेले १९५३ मध्ये. पिंचन १९६० ते ६२ बोइंगमध्ये तांत्रिक लेखन करत होते, आणि क्षेपणास्त्रं हा तिथला विषय होता. त्यांची ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’ (१९७३) दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन व्ही-टू रॉकेटभोवती फिरते, त्यात नवल ते काय? डिलिलो ऑगिल्वी अँड मेदरमध्ये जाहिरातींचा मजकूर लिहीत. पुढे त्यांच्या ‘व्हाइट नॉइज’मध्ये (१९८५) एक मुलगी झोपेत बरळते, आणि तिच्या तोंडून बाहेर पडतं ते एका मोटारीचं नाव, ‘टोयोटा सेलिका’. हे असलं वाक्य गुहेत बसून सुचत नाही, त्याला नोकरी करावी लागते.

सॅलिंजरपुरता दावा थोडा टिकतो. कॉर्निशला गेल्यावर त्यांची वाक्यं स्वतःभोवती घिरट्या घालू लागली. ‘हॅपवर्थ १६, १९२४’ (१९६५) हे सात वर्षांच्या मुलाने शिबिरातून घरी लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. मला ते संपवायला तीन खेपा लागल्या. त्यानंतर २०१० मध्ये निधन होईपर्यंत सॅलिंजर लिहीत राहिले, पण नवीन काहीच छापलं नाही.