घंटा वाजवून बीपी जात नाही, गोळ्या बंद करू नका

फॅमिली ग्रुपवर "बर्मी मेडिटेशन गाँग"चा, म्हणजे बर्मातल्या एका घंटेचा, फॉरवर्ड फिरतोय. म्हणे सात ग्रहांच्या सात धातूंची, आवाज ४३२ हर्ट्झचा, बुद्धांनी हीच वाजवून ध्यान केलं, आणि रोज सकाळी २१ वेळा वाजवली की बीपी, थायरॉइड मुळापासून जातं, गोळ्या लागत नाहीत. खाली खरेदीची लिंक. माझ्या मावशीला बीपी आहे, तिने हे वाचून मला विचारलं, गोळी बंद करू का? म्हणून लिहितोय.

गोळी मनाने सोडली की बीपी परत चढतं, बऱ्याचदा काही जाणवतही नाही, आणि मग एकदम लकवा नाहीतर हार्ट अटॅक. शांत बसल्याने बरं वाटतं, रीडिंग तेवढ्यापुरतं थोडं खालीही येईल, मान्य. म्हणून बीपी गेलं असं होत नाही. आणि ध्यानाचंच नाव घेताय ना, मग इगतपुरीच्या धम्मगिरी ध्यानकेंद्रात जी विपश्यना शिकवतात, तिची आचारसंहिता म्हणजे शिबिराचे नियम वाचा. ती इथे शिकवणारे गोयंका गुरुजी बर्मातल्या मंडालेत जन्मलेले, विद्या बर्मातूनच आणलेली. त्या आचारसंहितेत स्वच्छ लिहिलंय की विपश्यनेचा उद्देश निव्वळ शरीराचे रोग बरे करणं हा नाही, आणि डॉक्टरांची औषधं चालू असतील तर तसं शिक्षकांना सांगा. घंटा तिथेही वाजते, पण पहाटे ४ ला उठवायला, वेळ कळवायला. ध्यान सुरू होतं श्वासावर, घंटेच्या आवाजावर नाही.

४३२ ही तर शुद्ध थाप. फॉरवर्डच्या फोटोत आहे ती चेझी नावाची बर्मी घंटा, चपटी, त्रिकोणी, टोकं मिशीसारखी वर वळलेली. दोरीला टांगतात, लाकडी हातोडीने टोकावर मारलं की गरगर फिरते आणि म्हणून आवाज कमीजास्त होत राहतो. लहान चेझीचा सूर बारीक, मोठीचा जाड, त्यात एका ठोक्यात अनेक सूर निघतात, मग सगळ्यांचा आकडा एकच कसा येईल?

सात धातू वगैरे काही नाही, ब्राँझ आहे, म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील. बर्मात मोठ्या घंटा ओतताना भाविक सोन्याचांदीचे दागिने टाकायचे असं सांगतात, तेवढं अर्धसत्य धरू, पण ते दान म्हणून, ग्रहांचा काय संबंध! आणि बुद्ध बोधगयेला पिंपळाखाली बसले होते, शेजारी गाँग टांगून नाही.

राहिलं २१ वेळा. बर्मात दानधर्म झाला की चेझी वाजवतात, साधारण तीनदा, झालेल्या पुण्यात सगळ्यांना वाटा मिळावा म्हणून, आणि ऐकणारे "साधु, साधु, साधु", म्हणजे छान केलंत, असं म्हणतात. दुसऱ्यांना वाटा द्यायची ही वस्तू, ती आजारी माणसांना घाबरवून औषध म्हणून विकतात याचा मला खरंच संताप येतो. ज्यांनी आमच्या ग्रुपवर टाकलं त्या काकांना फोन करून मेसेज डिलीट करायला लावलाय, तुमच्याकडे आला असेल तर तुम्हीही लावा.