हरलेल्या जागी काय पाहायचं?

खानदेशात तापीकाठी असलेल्या थाळनेरच्या किल्ल्याचा विषय निघाला की आमच्या धुळे-जळगावकडच्या मंडळींत दोन ठरलेली वाक्यं येतात. पहिलं, "तठे काय शे देखाले? मातीचे ढिगारे, आणि तेही हरलेल्या जागेचे." दुसरं उत्साही कार्यकर्त्यांचं, "आधी तिथे काहीतरी भव्य उभारा, लोक आपोआप येतील." मला दोन्ही सारखीच खटकतात. दोघांचंही जमिनीकडे लक्षच नसतं.

मी राहतो ब्रसेल्सच्या दक्षिणेला. वॉटर्लूचं रणांगण इथून जवळ, त्यामुळे तिकडून येणारा प्रत्येक पाहुणा तिथे जायचं म्हणतोच. १८ जून १८१५ला नेपोलियन तिथे हरला, आणि दुकानात सर्वांत जास्त चेहरा दिसतो तो नेपोलियनचाच. फ्रान्समधून माणसं येतात, उगुमोंच्या वाड्याच्या भिंतीपाशी थांबतात, आपली फौज कुठून चालून आली ते मुलांना दाखवतात. हरल्याची लाज वाटते म्हणून यायचं टाळलं, असं इथे कुणी बोलत नाही.

'भव्य स्मारक' म्हणणाऱ्यांनी मात्र वॉटर्लूला जरूर यावं आणि चूक कशी होते ते डोळ्यांनी पाहावं. मैदानाच्या मधोमध मातीची प्रचंड टेकडी आहे, वर लोखंडी सिंह. चाळीसेक मीटर उंची, २२६ पायऱ्या, बांधून पूर्ण झाली १८२६मध्ये. नेदरलँड्सचा युवराज जखमी झाला ती जागा दाखवायला ती रचली. त्यासाठी माती आणली कुठून? शेजारचा कणा खरवडून. नेपोलियनला हरवणाऱ्या इंग्रज सेनापती वेलिंग्टनने आपली पलटणं ज्या उतारामागे झाकून ठेवली होती, ज्या उंचवट्यामुळे फ्रेंच तोफांचे गोळे वाया गेले, तोच उंचवटा स्मारकापायी खाली गेला. कडेने जाणारा खोलगट रस्ताही सपाट झाला. टेकडीवर चढलं की सगळं मैदान दिसतं आणि लढाई काही कळत नाही, कारण वरून पाहिलं की सगळंच सपाट वाटतं.

म्हणून पाहुण्यांना मी टेकडी शेवटी ठेवायला सांगतो. गाडीचं तिकीट वॉटर्लूचं काढू नका, ब्रेन-लालूचं काढा. वॉटर्लू गावात वेलिंग्टनचा मुक्काम होता, लढाई त्याच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर झाली. आधी फ्रेंचांच्या बाजूला जा, शार्लरुआ रस्त्यावरून उत्तरेकडे तोंड करून चाला आणि समोरच्या चढामागे काय असेल याचा अंदाज बांधा. काही दिसत नाही. नेपोलियनलाही दिसलं नव्हतं. उगुमोंच्या मागच्या शेतातून चालताना पावसाळी बूट हवेत, तिथली चिकणमाती सोलाला धरून बसते. आदल्या रात्रीच्या पावसाने फ्रेंच तोफा हलवायला उशीर झाला होता, त्याचं कारण दोन शेतं ओलांडली की पायांना कळतं.

आता हाच वेलिंग्टन बारा वर्षं आधी आपल्या दाराशी होता. २३ सप्टेंबर १८०३, असई, मराठ्यांशी लढाई. जामनेर किंवा पहूरकडच्या माणसाला हे अजिंठ्याचा घाट चढून भोकरदनच्या बाजूला. तिथे केळणा आणि जुई या दोन नद्या जवळ येत जातात आणि मधे जमिनीची एक जीभ तयार होते. वाटाड्यांनी सांगितलं होतं की केळणेला इथे उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. वेल्स्लीने (वेलिंग्टनचं तेव्हाचं नाव) पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत. म्हणजे माणसं ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणार. होता. तिथून तो पलीकडे गेला आणि दोन्ही बगला नद्यांनी झाकून घेतल्या. पण पुढची गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या कवायती पायदळाने तोफांच्या माऱ्यात अख्खी रांग वळवून नव्या दिशेला तोंड केलं. भर लढाईत पायदळाची रांग वळवणं फार अवघड, जरा ढिलाई झाली तर फळी मोडते. आपली मोडली नाही. इंग्रजांची उजवी बाजू असई गावाकडे भरकटली आणि तिथल्या तोफांनी ती कापून काढली. त्या दिवशी त्यांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. पुढे वॉटर्लू जिंकूनही वेलिंग्टन असईलाच आपली सर्वांत चांगली लढाई मानत असे. ज्या जागी शत्रूने आपल्याला एवढं मानलं, त्या जागी जायला आपल्याला कमीपणा वाटतो, हे मला समजत नाही.

असईला जायचं तर दोन ऋतूंत दोन गोष्टी दिसतात. सप्टेंबरात नद्यांना पाणी असतं, काठ किती उभे आहेत ते कळतं, पण कपाशी आणि मका उंच असल्यामुळे शंभर पावलांपलीकडचं दिसत नाही. जानेवारीनंतर रान मोकळं होतं, नजर लांबवर जाते. जमल्यास दोन्ही वेळा जावं. बांधावरून चालावं, शेतमालकाला विचारावं, आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारी (१:५०,००० प्रमाणाचा) नकाशा हातात असावा. फोनवरचा नकाशा रस्ते दाखवतो, उतार दाखवत नाही.

थाळनेर यापेक्षा लहान, पण आपलं. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, त्यांच्या कबरी अजून तिथे आहेत. महिदपूरला होळकर हरले, ६ जानेवारी १८१८ला मंदसोरचा तह झाला आणि खानदेश कागदावर कंपनीकडे गेला. पुढच्याच महिन्यात, २७ फेब्रुवारीला कंपनीचा सेनापती हिस्लॉपची फौज थाळनेरसमोर आली. किल्ल्याची एक बाजू तापीवर, बाकी तिन्ही बाजूंना शंभर ते दीडशे यार्ड रुंद खोलगट घळ, तिच्यावर साठेक फूट उठलेली भिंत. आत जायची वाट फक्त पूर्वेकडून, एकामागे एक पाच दरवाजे, वळणावळणाची. तिसऱ्या दरवाजाशी होळकरांचा किल्लेदार तुळशीराम बाहेर आला. पाचव्याशी अरब शिपाई अटी मागत होते. बोलणी नीट समजेनात, तेवढ्यात दिंडी दरवाजातून काही इंग्रज अधिकारी आत शिरले आणि कापाकापी झाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मेले. मग आतली सुमारे तीनशे माणसं मारली गेली आणि तुळशीरामला फाशी दिलं. त्या फाशीबद्दल पार्लमेंटातही सवाल झाले.

'काय शे देखाले' म्हणणाऱ्याने पूर्वेकडून, सकाळी, चालत यावं. हिवाळ्यात घळीतली बाभळीची झुडपं विरळ असतात आणि उन्हाची तिरीप भिंतीच्या उरलेल्या अंगावर पडते. दरवाजांची वळणं अंदाजाने धरत वर जायचं आणि एक गोष्ट तपासायची: पाचव्या दरवाजाशी उभ्या माणसाला तिसऱ्याशी काय चाललंय ते दिसतं का, ऐकू येतं का? माझ्या मते तीनशे माणसं त्याच अंतरामुळे मेली. पावसाळ्यानंतर लगेच जाऊ नये, मातीचे थर सुटलेले असतात आणि नदीकडची बाजू ढासळते. नदीच्या कडेला उभं राहून फोटो काढायची हौस तर मुळीच नको.

तिथे सिमेंटची कमान, बगीचा, दगडी फरशी आली तर पहिली बुजेल ती घळ. सपाटीकरण हाच आपल्या सुशोभीकरणाचा पहिला हप्ता असतो. घळ बुजली की किल्ला म्हणजे खरोखरच ढिगारा उरेल. एक नकाशा, पाच दरवाजांच्या जागी पाच छोटे दगड, बास.

जिंकलेल्या जागीही आपण हेच करतो, म्हणून हा फक्त पराभवाचा प्रश्न नाही. साल्हेरचा किल्ला २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, गर्दी वाढली, आनंद आहे. पण मराठे-मुघलांची १६७२ची लढाई झाली ती खालच्या मोकळ्या रानात. माथा गाठून परशुरामाच्या देवळाशी फोटो काढणाऱ्यांपैकी किती जण वळून ते रान शोधतात?

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या नावांचंही तेच. बेल्जियममधल्या ईपरला मेनिन गेट या स्मारकावर ५४,००० वर नावं आहेत, त्यांत हिंदुस्थानी शिपाईही. रोज रात्री आठला बिगुल वाजतो; उन्हाळ्यात सव्वासातला जागा धरावी लागते, टाळ्या वाजवायच्या नसतात. फ्रान्समध्ये ला बासेच्या उत्तरेला नव-शापेलचं स्मारक आहे, फक्त आपल्या शिपायांचं, ४,७०० वर नावं. आणि मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) जिथे मराठा पलटणी झिजल्या, तिथल्या बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा घातला. गोऱ्यांच्या टापटिपीचं कौतुक करताना मी हे विसरत नाही.

गावच्या चावडीत किंवा जुन्या शाळेत 'या गावातून इतके गेले, इतके मेले' अशी १९१४-१९ची संगमरवरी पाटी असेल तर तिला ऑइलपेंट लावू नका. ॲसिडने तर मुळीच धुऊ नका, संगमरवर त्यात विरघळतो आणि अक्षरं पुसट होतात. साधं पाणी, मऊ ब्रश. वाचता येत नसेल तर संध्याकाळी एका बाजूने टॉर्च धरून फोटो काढा. मग युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा. आडनाव टाकू नका, त्या रकान्यात पहिलं नाव टाका, कारण बहुतेकांचं एकच नाव आडनावाच्या रकान्यात टाकलेलं आहे. जिल्हा 'खानदेश' म्हणून, पूर्व किंवा पश्चिम लावून, आणि धुळ्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरूनही पाहा.

तिकडचे लोक म्हणतात, परदेशात बसून शिकवणं सोपं आहे. सोपं आहे, खरंच. वॉटर्लूला मी कुणाच्याच बाजूचा नाही, म्हणून तिथली जमीन मला शांतपणे वाचता येते. थाळनेरला तसं होत नाही. होळकरांचा किल्लेदार आपला म्हणायचा, तर पगारी अरब शिपाई आपले का? हिस्लॉपच्या फौजेतला मद्रासी शिपाई कोण? आणि चाळीस वर्षांनी, ११ एप्रिल १८५८ला सातपुड्यातल्या आंबापाणीला कंपनीच्या फौजेशी लढलेले खाज्या नाईक आणि भीमा नाईकांचे भिल्ल, ज्यांची नावं आमच्या घरात कधी कुणी घेतली नाहीत, ते? या सगळ्यांना आपलं म्हणण्याइतका मी खानदेशचा उरलोय का, हे मला ठरवता येत नाही. तरी घळ बुजवू नका हे मी सांगतच राहणार. तुळशीराम, अरब आणि गॉर्डन, तिघेही तिथेच पडले, आणि त्यांची भांडणं समजून घ्यायला आपल्याकडे आज तेवढीच जमीन शिल्लक आहे.