थोरियम आहे ना आपल्याकडे, मग युरेनियम कशाला?

एक मजकूर व्हॉट्सॲपच्या गटांतून पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द बदलतात, आशय तोच. जगातला सर्वात मोठा थोरियमचा साठा भारताच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत आहे. त्यावर शेकडो वर्षं जवळजवळ फुकट वीज मिळू शकते. तरीही सरकार कझाकस्तान, कॅनडा, रशियाकडून युरेनियम विकत घेतं, कारण परदेशी लॉबीला थोरियम नको आहे. भाभांना त्यासाठीच संपवलं. चीनने थोरियमची अणुभट्टी सुरू केली, आपण मात्र स्वदेशी कंपन्यांना डावलून परदेशी भट्ट्या आणतो. शेवटी 'पुढे पाठवा'.

यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि तिथेच हा मजकूर माणसाला पकडतो. अणुऊर्जा विभागाच्या आकडेवारीनुसार किनारी वाळूतल्या मोनाझाइट या खनिजात सुमारे १०.७ लाख टन थोरियम आहे. केरळ, तामिळनाडू, ओडिशा, आंध्र हे त्याचे मुख्य पट्टे. जगाच्या यादीत भारत पहिल्या क्रमांकाच्या आसपास असतो. यावर वाद नाही.

वाद पुढच्या उडीवर आहे. थोरियम हे स्वतः अणुइंधन नाही. निसर्गातला थोरियम-२३२ हा युरेनियम-२३५ प्रमाणे विखंडनाची, म्हणजे अणू फुटत राहण्याची, साखळी चालवू शकत नाही. त्याला आधी बाहेरून एक न्यूट्रॉन मिळावा लागतो. मग तो थोरियम-२३३, त्यातून प्रोटॅक्टिनियम-२३३ आणि शेवटी युरेनियम-२३३ होतो. यातल्या प्रोटॅक्टिनियमचं अर्धआयुष्यच २७ दिवसांचं आहे. जळतं ते हे युरेनियम-२३३. आणि तो पहिला न्यूट्रॉन येतो एक तर युरेनियम-२३५ मधून, नाही तर प्लुटोनियममधून. प्लुटोनियम पुन्हा युरेनियमच्या भट्टीतच तयार होतं. दूध कितीही असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही, तसंच हे. एकदा लागलं की पुढचं विरजण त्याच दह्यातून काढता येतं. पहिलं मात्र शेजारून आणावंच लागतं.

म्हणजे 'युरेनियम की थोरियम' असा पर्याय मुळात नाहीच. होमी भाभांनी १९५४ मध्ये मांडलेल्या तीन टप्प्यांचा अर्थ हाच आहे. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या जड पाण्याच्या भट्ट्या. त्यांच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढायचं आणि ते दुसऱ्या टप्प्यातल्या द्रुत प्रजनक भट्ट्यांत घालायचं. या भट्ट्या जळतं त्यापेक्षा जास्त इंधन तयार करतात. तसा पुरेसा साठा जमला की थोरियम. भाभांचं नाव घेऊन युरेनियमला विरोध करणाऱ्यांनी भाभांचा पहिला टप्पाच वाचलेला नसतो.

आकड्यांत पाहू. ७०० मेगावॅटची आपली स्वदेशी भट्टी वर्षाला ढोबळमानाने १०० टन नैसर्गिक युरेनियम खाते. तिच्या वापरलेल्या इंधनात टनामागे साडेतीन किलोच्या आसपास प्लुटोनियम असतं. तामिळनाडूतल्या कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या प्रजनक भट्टीचा गाभा एकदा भरायला सुमारे दोन टन प्लुटोनियम लागतं. भागाकार करा: पावणेसहाशे टन वापरलेलं इंधन, म्हणजे एका मोठ्या भट्टीची पाच-सहा वर्षांची राख, आणि त्यातून एका प्रजनक भट्टीची फक्त सुरुवात. थोरियमपर्यंतचा रस्ता टनावारी युरेनियमवरूनच जातो.

आता 'परदेशी लॉबी' आणि आयात. मजकुरातला सर्वात उलटा भाग हाच आहे, कारण आपला इतिहास नेमकं याच्या विरुद्ध सांगतो. परदेशाने आपल्यावर युरेनियम लादलं नाही. त्यांनी ते अडवलं होतं.

तारापूर घ्या, आपल्याच पालघर जिल्ह्यातलं. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, अमेरिकी बनावटीच्या, समृद्ध (म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेल्या) युरेनियमवर चालणाऱ्या. १९६३ च्या करारानुसार इंधन तीस वर्षं अमेरिका देणार होती. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि पुरवठ्याची गाडी अडली. मग फ्रान्स आला, त्याची मुदत संपल्यावर १९९५ मध्ये चीनने इंधन दिलं, २००१ मध्ये रशियाने. युरेनियम-प्लुटोनियमचं मिश्र इंधनही आपण तिथे घालून पाहिलं. मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं एक वीजकेंद्र कोणत्या देशाची मर्जी आहे यावर इतकी वर्षं चाललं. 'इंधन सुरक्षा' नसणं म्हणतात ते हेच.

दुसरा धडा त्याहून कमी लोकांना आठवतो. २००८ च्या सुमारास आपल्या भट्ट्या धडधाकट होत्या, पण अर्ध्या क्षमतेवर चालत होत्या. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचा सरासरी क्षमता वापर २००८-०९ मध्ये ५० टक्क्यांच्या आसपास घसरला होता. बिघाड नव्हता, युरेनियम नव्हतं. नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि खाणी मागे पडल्या. सप्टेंबर २००८ मध्ये अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाने भारताला व्यापाराची सूट दिली, फ्रान्स, रशिया, कझाकस्तानशी करार झाले (कॅनडाशी पुढे २०१५ मध्ये) आणि २०११-१२ पर्यंत हाच आकडा ७९ टक्क्यांवर गेला. भट्ट्या बहुतांश त्याच, माणसं तीच. थोरियम त्या वेळीही वाळूत होताच. त्याने एक युनिटही वाढवलं नाही.

इथे जाणकार वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. आयात युरेनियम आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या भट्ट्यांतच वापरता येतं आणि त्यातून निघणाऱ्या प्लुटोनियमवरही तीच देखरेख राहते. कल्पक्कमची प्रजनक भट्टी या देखरेखीबाहेर आहे. मग आयातीने थोरियमचा रस्ता कसा जवळ येतो? थेट येत नाही. पण देखरेखीखालच्या भट्ट्यांचं पोट बाहेरच्या युरेनियमने भरलं की जादूगुडा आणि तुम्मलपल्ले या आपल्या खाणींचं युरेनियम बाकीच्या भट्ट्यांसाठी मोकळं राहतं. प्लुटोनियम तिथून मिळतं. मजकूर लिहिणाऱ्याला हा बारकावा माहीत असता तर त्याने आयातीला विरोध करण्याऐवजी ती वाढवा म्हटलं असतं.

'आपल्याकडे युरेनियमही भरपूर आहे, मुद्दाम काढत नाहीत' अशीही एक आवृत्ती मधूनमधून येते. साठा आहे, पण दगडात किती आहे ते पाहा. झारखंडच्या सिंहभूम पट्ट्यात आणि आंध्रच्या तुम्मलपल्लेत खनिजातलं प्रमाण साधारण ०.०३ ते ०.०६ टक्के. म्हणजे एक टन दगड फोडला की हाती येतात तीन-चारशे ग्रॅम, फार तर सहाशे. कॅनडाच्या सिगार लेक खाणीत एका टनामागे शंभर किलोपेक्षा जास्त मिळतं. आपलं युरेनियम महाग आहे, आणि उरलेल्या दगडाच्या गाळाचे डोंगर खाणीशेजारच्या गावांच्या वाट्याला येतात. जादूगुडाच्या आदिवासी वस्त्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला आहे. मेघालयात खासी संघटनांनी खाण रोखून धरली. नल्लमलाच्या जंगलातल्या खाणीविरुद्ध २०१९ मध्ये तेलंगणा विधानसभेने ठराव केला. 'मुद्दाम काढत नाहीत' हे वाक्य या सगळ्या लोकांना पुसून टाकतं.

फुकट वीज? अणुविजेच्या खर्चात सर्वात मोठा वाटा भट्टी बांधण्याचा आणि त्यासाठीच्या कर्जावरच्या व्याजाचा असतो. इंधन फुकट मिळालं तरी बिल फारसं उतरत नाही. थोरियमचं इंधन तर फुकट पडणारही नाही. युरेनियम-२३३ सोबत थोडं युरेनियम-२३२ तयार होतं आणि त्याच्या वंशावळीतून अतिशय तीव्र गॅमा किरण निघतात. त्यामुळे हे इंधन हातमोजे घालून हाताळता येत नाही. जाड भिंतीआड, दूरनियंत्रित यंत्रांनीच सगळं करावं लागतं.

भाभांचं विमान २४ जानेवारी १९६६ रोजी मॉन्ट ब्लँकवर आदळलं. फ्रेंच चौकशीत वैमानिकाचा स्थानाचा अंदाज चुकल्याचं आणि विमानातलं एक दिशादर्शक उपकरण बंद असल्याचं नोंदवलं गेलं. कटाचा पुरावा त्यात नाही. यापुढे लिहिण्यासारखं काही नाही.

चीनबद्दल मात्र थोडं लिहायला हवं, कारण ती बातमी खोटी नाही. गान्सू प्रांतात वूवेईजवळ वितळलेल्या क्षाराची एक प्रायोगिक भट्टी चालते आणि तिच्यात थोरियम घातला गेला आहे. तिची क्षमता दोन मेगावॅट, तीही उष्णतेची, विजेची नव्हे. काकरापारच्या ७०० मेगावॅटच्या भट्टीत दोन हजार मेगावॅटहून जास्त उष्णता निघते. आणि चीनच्या त्या भट्टीतही पहिली आग समृद्ध युरेनियमनेच पेटवली. विरजण त्यांनाही चुकलं नाही. आपण झोपलो होतो हेही खरं नाही. कल्पक्कमची 'कामिनी' ही छोटी संशोधन भट्टी १९९६ पासून थोरियमपासून मिळवलेल्या युरेनियम-२३३ वर चालत आली. क्षमता ३० किलोवॅट, होय, किलोवॅटच. काकरापारच्या पहिल्या भट्टीत सुरुवातीला थोरियमच्या जुड्या घातल्या होत्या. प्रयोगशाळेतलं ज्ञान आहे. वीजकेंद्राच्या मापाचं मात्र काही उभं राहिलेलं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने थोरियम डोळ्यांसमोर ठेवून ३०० मेगावॅटच्या प्रगत जड पाण्याच्या भट्टीचा आराखडा कधीचा केला, ती अजून कागदावरच आहे.

उरला 'स्वदेशी कंपन्यांना डावलतात' हा आरोप. देशात आजवर उभ्या राहिलेल्या सुमारे दोन डझन वीजभट्ट्यांपैकी तारापूरच्या पहिल्या दोन अमेरिकी, रावतभाट्याच्या पहिल्या दोन कॅनडाच्या मदतीच्या आणि कुडनकुलमच्या दोन रशियन. बाकीच्या आपल्याच आराखड्याच्या. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने ७०० मेगावॅटच्या दहा भट्ट्यांना एकदम मंजुरी दिली. कारण साधं होतं: एकेक सुटी ऑर्डर मिळाली तर कोणताही कारखाना त्यासाठी खास यंत्रं आणि कुशल वेल्डर सांभाळत बसत नाही. विक्रोळीचं गोदरेज, हजिऱ्याचं लार्सन अँड टुब्रो, इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, असे कारखाने अणुभट्ट्यांचे अवजड भाग बनवतात ते अशा दीर्घ मागणीच्या भरवशावर. इंधनाच्या जुड्या हैदराबादच्या सरकारी संकुलात बनतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लहान भट्ट्यांसाठी २०,००० कोटींची तरतूद जाहीर झाली आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी बनावटीच्या चालवून दाखवायचं लक्ष्य ठरलं. आणि ज्या परदेशी भट्ट्यांचा धाक दाखवला जातो, त्या जैतापूरच्या भट्ट्यांसाठीचा फ्रान्सशी अंतिम व्यापारी करार इतक्या वर्षांत झालेला नाही.

याचा अर्थ सरकारी धोरण निर्दोष आहे असा नाही. मला या मजकुराचा राग येतो तो याचसाठी, की तो लोकांचा संताप चुकीच्या दाराशी नेऊन सोडतो. कल्पक्कमच्या प्रजनक भट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं, ती २०१० मध्ये चालू व्हायची होती. गाभा भरण्याची सुरुवात पंतप्रधानांच्या उपस्थितीत झाली ती मार्च २०२४ मध्ये. ३,४९२ कोटींचा मूळ अंदाज दुपटीच्या घरात गेला. थोरियम लांबला तो इथे, कुठल्या लॉबीच्या खोलीत नव्हे.

दुसरं, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा मंजूर करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा दोन्ही मोडीत काढले. खासगी कंपन्यांना भट्ट्या चालवण्याचं दार उघडलं. त्याच वेळी २०१० च्या कायद्यात सदोष भागाबद्दल पुरवठादाराकडून भरपाई वसूल करण्याची जी कायदेशीर वाट होती, ती गेली. सदोष भाग पुरवणारा सुटला तर बोजा कोणावर, हा प्रश्न व्हॉट्सॲपवर फिरायला हवा होता. फिरतोय थोरियम. याच कायद्याने युरेनियम समृद्ध करण्याचं आणि वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचं काम सरकारकडेच ठेवलं आहे. पण वीजभट्ट्यांना पुरेल इतकं समृद्धीकरण देशात होत नाही. थोरियममध्ये जास्त समृद्ध युरेनियम मिसळून ते आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतच वापरावं, असा मार्ग अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर मांडत आले आहेत. कल्पना चांगली आहे, पण ते समृद्ध युरेनियम आज बाहेरूनच आणावं लागेल.

आणि २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचं सरकारी लक्ष्य. वरच्याच हिशेबाने, ७०० मेगावॅटला १०० टन, तर १०० गिगावॅटला वर्षाला १४,००० टनांच्या वर युरेनियम लागेल. साध्या पाण्याच्या भट्ट्या जास्त असतील तर आणखी. आज साऱ्या जगाचं खाणीतलं वार्षिक उत्पादन ५०-६० हजार टनांच्या दरम्यान आहे. यातलं किती आपल्या खाणींतून येणार, किती करारांतून आणि किती वापरलेल्या इंधनातून, हे आपल्या खासदाराला संसदेत विचारायला सांगा. तिथे निदान लेखी उत्तर मिळतं.