पांढरा हत्ती आणि ८६०३२

शनिवारी रात्री साडेआठला मी इथे अमेरिकेतल्या आयोवात भांडी विसळत असते, तेव्हा फलटणकडे रविवारचे सकाळचे सात वाजलेले असतात आणि अण्णा बांधावरून व्हिडिओ कॉल लावतात. मागच्या खेपेला फोन उचलला तोच आवाज तापलेला. व्हॉट्सॲपवर कुणीतरी ढकललं होतं की राज्यातली चारही कृषी विद्यापीठं म्हणजे पांढरे हत्ती, सगळा पैसा पगारात जातो, हजारो एकर जमीन नुसती पडून आहे, त्यापेक्षा कंपन्यांना देऊन टाका.

"खोटं काय आहे त्यात?" अण्णा म्हणाले. "इतक्या वर्षांत विद्यापीठानं आपल्याला काय दिलं, सांग की. तू तर तिथंच शिकलीस."

मी म्हटलं, "अण्णा, फोन जरा मागं फिरवा." त्यांनी फिरवला. स्क्रीनभर ऊस.

"कुठला हा?"

"कुठला म्हणजे? ८६०३२."

आमच्या घरात हा आकडा पिन कोडसारखा आहे. तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. पूर्ण नाव को ८६०३२. को म्हणजे कोईमतूर, ८६ म्हणजे निवडीचं साल. तिथून आलेलं हे वाण आमच्या घरापासून दुचाकीच्या अंतरावर असलेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं लावून, मोजून, गाळून पाहिलं गेलं आणि १९९६ साली महाराष्ट्रासाठी शिफारस झालं. त्याला 'नीरा' असं छान नावही दिलं. ते नाव कुणाच्याच तोंडी बसलं नाही, आकडा बसला. पाडेगावचं केंद्र १९३२ सालचं, म्हणजे राहुरीच्या विद्यापीठापेक्षाही जुनं. आता ते राहुरीकडेच आहे. चुलत्यांच्या रानात 'दोनशे पासष्ट' ऊस आहे, तोही पाडेगावचाच. सोयाबीन 'फुले संगम', तो सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचा. मामांच्या बागेतला भगवा डाळिंब राहुरीचा. आणि हे सगळं ज्या रानात उभं आहे त्या रानाचा मालक मला विचारतो, विद्यापीठानं काय दिलं.

अण्णांची चूक आहे असं मला म्हणायचं नाही. विद्यापीठाचं देणं असंच असतं, ते एकदा घरात आलं की घरचंच होतं. कंपनीच्या पाकिटावर ठळक नाव असतं, दरवर्षी नवं पाकीट येतं, दुकानदार टोपी देतो. विद्यापीठाचं वाण या बांधावरून त्या बांधावर पाटीतून, पोत्यातून जातं. तिसऱ्या वर्षी ते 'पाटलाकडचं बियाणं' होतं.

हा वाद इथे बसून ऐकताना मला गंमत वाटते ती वेगळ्याच कारणानं. मी राहते ते गाव आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचं. आपली कृषी विद्यापीठं ज्या साच्यावर उभी राहिली, तो साचा याच देशातला. अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला, केंद्रानं राज्यांना जमिनी दिल्या, त्यातून शेतीची विद्यापीठं निघाली, आणि तो कायदा सगळ्यात आधी स्वीकारला तो आयोवानं. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६० मध्ये, आपण तोच नकाशा पंतनगरला, देशातल्या पहिल्या कृषी विद्यापीठात, उलगडला. मग १९६८ ला राहुरी, १९६९ ला अकोला, १९७२ ला परभणी आणि दापोली. अकोल्याला विद्यापीठ मिळावं म्हणून तर विदर्भात आंदोलन पेटलं होतं, गोळीबारात पोरं गेली. आज त्याच विद्यापीठांना टाळं लावायचा सल्ला लोक चहा पिता पिता देतात.

नकाशा आणला खरा, पण त्याचा एक कोपरा आपण दुमडून ठेवला.

तो कोपरा मला गेल्या ऑगस्टमध्ये इथल्या काउंटीच्या विस्तार कार्यालयात, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या कार्यालयात दिसला. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याहून मोठी, जिल्ह्याहून लहान. आयोवात अशा ९९ आहेत, आणि विद्यापीठाचं विस्ताराचं काम त्या सगळ्यांमध्ये चालतं. मी मातीच्या नमुन्यांच्या कामासाठी गेले होते. सत्तरीचा एक शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीत सोयाबीनची चार झाडं घेऊन आला. पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा पडून करपलेला. तिथल्या बाईंनी खिशातला चाकू काढला आणि खोड उभं चिरलं. आतला गाभा पांढरा निघाला. "गाभा तपकिरी असता तर दुसरा रोग. हा सडन डेथ," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढचा प्रश्न, "हे ओढ्याकडच्या तुकड्यातलं ना? तिथं २०१० मध्येही आला होता." शेतकऱ्यानं मान डोलावली, कॉफी प्यायला आणि गेला. पंधरा मिनिटं लागली असतील.

त्या बाई विद्यापीठाच्या पगारावर आहेत. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानं शिकवणं आणि संशोधन यांच्या जोडीला शेतकऱ्यापर्यंत पोचणं हेही विद्यापीठाचंच काम ठरवलं. आपल्याकडे विद्यापीठाच्या कायद्यात विस्तार शिक्षण हा शब्द आहे, पण गावात जो माणूस येतो तो कृषी खात्याचा सहायक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचा कृषी सहायक. त्याच्या डोक्यावर चार-पाच गावं, योजनांचे अर्ज, पंचनामे, पीक कापणी प्रयोग. सोयाबीन उभं चिरून बघायला त्याला वेळ कुठला? वाण काढणारा एका खात्यात, ते सांगणारा दुसऱ्या, बियाणं वाढवणारं महाबीज तिसरीकडे. मधल्या मोकळ्या जागेत कृषी सेवा केंद्राचा दुकानदार उभा आहे, आणि त्याच्याकडे प्रत्येक रोगावर बाटली आहे. कृषी विज्ञान केंद्रं आहेत, काही फार चांगली आहेत, पण जिल्ह्याला एखाद-दुसरं. शिवारफेरीला गर्दी होते, ती वर्षातून एकदा.

अण्णांच्या रागाचं खरं मूळ मला नंतर कळलं. उसात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, लागली म्हणून ते एका संशोधन केंद्रावर गेले होते. कुठल्या ते राहू दे. "कीटकवाले साहेब रिटायर झाले, जागेवर कुणी आलेलं नाही," असं शिपायानं सांगितलं. अण्णा परत आले आणि दुकानातून बाटली घेतली. रिकाम्या खुर्चीनं शेतकरी गमावला, आणि बातमी झाली पांढऱ्या हत्तीची.

पडीक जमिनीचं म्हणाल तर मला इलिनॉयमधली एक गोष्ट आठवते. तिथल्या विद्यापीठाच्या ऐन मध्यात मॉरो प्लॉट्स नावाचे मक्याचे तुकडे आहेत, १८७६ पासून चालू असलेला प्रयोग. शेजारी ग्रंथालय बांधायचं ठरलं तेव्हा त्याची सावली मक्यावर पडेल म्हणून ते जमिनीखाली बांधलं. मी पायऱ्या उतरून त्या ग्रंथालयात गेले आहे. वर मका, खाली मुलं अभ्यास करत होती. आपल्याकडे अकोल्याला १९८८ पासून ज्वारी-गव्हावर खतांचा असाच दीर्घ मुदतीचा प्रयोग सुरू आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तोही नुसता तुकडाच दिसेल. नुसतं रासायनिक टाकलं तर काळ्या जमिनीचं वीस-तीस वर्षांत काय होतं आणि जोडीला शेणखत दिलं तर काय होतं, हे कुठल्या मशीनला विचारून कळत नाही. सध्या आमच्या भागात एआयच्या उसाची हवा आहे. राज्यानं २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण आणलं, ५०० कोटी ठेवले. आणावं, माझी ना नाही. पण आडसाली उसाला कुठल्या महिन्यात किती नत्र द्यायचं हे मोबाइल सांगणार ते कशाच्या जोरावर? कुणीतरी उन्हात उभं राहून टिपलेल्या आकड्यांच्याच ना?

एवढं वाचून 'आली परदेशातून शिकवायला' असं कुणाला वाटलं असेल तर थांबा. इथलंही पिवळं ते सगळं सोनंच आहे असं नाही. याच विद्यापीठात १९८७ साली भूजल संरक्षणाच्या कायद्यातून लिओपोल्ड सेंटर निघालं. खतं-औषधांवरच्या शुल्कातून त्याला पैसा मिळायचा आणि मातीचं-पाण्याचं नुकसान मोजणं हे त्याचं काम. २०१७ मध्ये विधिमंडळानं त्याचा पैसा काढून घेतला. नाव राहिलं, पाणी आटलं. आणि २०२५ च्या जूनमध्ये आयोवाच्या राजधानीत, दे मॉइन परिसरात, नद्यांच्या पाण्यात नायट्रेट इतकं वाढलं की शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर ताण आला आणि लोकांना हिरवळीला पाणी घालायची बंदी झाली. माझ्या ऑफिसातली मंडळी हिरवळीसाठी हळहळत होती, नायट्रेट कुठून आलं यावर मात्र सगळे गप्प. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. तासभर गाडी चालवा, तिसरं पीक दिसलं तर फोटो काढावासा वाटतो.

आपली चार विद्यापीठं, खुर्च्या रिकाम्या असूनही, अजून ज्वारीवर काम करतात, जवसावर, नाचणीवर, तुरीवर करतात. ज्यात कंपन्यांना फारसा रस नाही अशी ही पिकं. मोहोळची मालदांडी ज्वारी अजून सोलापूरकरांच्या भाकरीत आहे. परभणीनं २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी दिली. वेंगुर्ल्याच्या काजूंनी कोकणातल्या किती वरकस जमिनी भरल्या, ते तिकडच्या माणसाला विचारा. हे सगळं 'कंपन्यांना देऊन टाका' म्हणणाऱ्यांनी एकदा इथल्या शेतकऱ्याचा बियाण्याचा करार वाचावा. इथे आपल्याच शेतातलं पेटंटवालं सोयाबीन पुढच्या वर्षी पेरता येत नाही. इंडियानातल्या एका शेतकऱ्यानं धान्याच्या कोठारातून आणून पेरलं, तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये तो हरला, एकही न्यायाधीश त्याच्या बाजूनं नव्हता. आपल्या २००१ च्या पीक वाण आणि शेतकरी हक्कांच्या कायद्यानं शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क ठेवलाय.

अण्णा दर मे महिन्यात ओल्या गोणपाटावर 'संगम'चे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडतात, गुंडाळतात, सावलीत ठेवतात आणि रोज पाणी शिंपडतात. आठवड्यानं उलगडून मोजतात. सत्तरच्या वर कोंब आले की पेरायला हरकत नाही. यंदा त्र्याऐंशी आले. ही युक्ती कुणी शिकवली म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "त्यात शिकायचं काय? पूर्वीपासून करतो." राहुरी विद्यापीठाच्या 'कृषिदर्शनी' या पुस्तकातलं ते पान मी लहानपणी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, माझ्या लक्षात आहे.

काल त्यांचा मेसेज आला. 'कृषिदर्शनी'तल्याच हुमणीच्या पानाचा फोटो, चष्म्याची सावली पडलेला. खाली लिहिलंय, "यातला नंबर लागत नाही. तुझ्या वर्गातलं कुणी आहे का तिथं आता?"

मी तिघांना विचारलंय. एक औषध कंपनीत आहे, एक बँकेत. तिसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.